कोष्टकापासून आलेखाकडे : बिंदू खोडण्यापूर्वी

वरच्या वर्गांत आलेखाचा पाठ चालू असताना पुष्कळदा असे दृष्टीस पडते की, विद्यार्थी कोष्टकातील संख्या पाहून कागदावर बिंदू देतात, पट्टीने ते जोडतात आणि वही पुढे करतात. परंतु त्यांपैकी एखाद्या बिंदूवर बोट ठेवून ‘हा काय सांगतो?’ असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. प्रत्येक बिंदू हा कोष्टकातील एका नोंदीचा साक्षीदार असतो. ही जाणीव झाली नाही, तर आलेख म्हणजे केवळ रेघा ओढणे होते. ती जाणीव वर्गात कशी करून द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत शिकवीत असे. भांड्यात मापाने पाणी ओतून दर वेळी त्याची उंची नोंदवावी व आलेख काढून आणावा, असा स्वाध्याय मी दिला. बहुतेकांनी सरळ बाजूंचे डबे घेतले. त्यांचे बिंदू एका रेषेत आले. एका मुलीने मात्र घरचा माठ घेतला होता. तिचे बिंदू काही केल्या रेषेत बसेनात. ‘मोजताना चुकलीस, खोड आणि पुन्हा काढ,’ असे मी म्हणालो. ‘गुरुजी, दोनदा मोजलं,’ असे ती हळूच म्हणाली. मी लक्ष दिले नाही. तिने बिंदू खोडले आणि शेजारणीच्या वहीतील सरळ रेषा उतरवून घेतली. त्याच संध्याकाळी घरी माठ भरताना, पहिल्या तांब्यांनी पाणी भराभर चढते आणि पुढे त्याचे चढणे मंदावते, हे मला डोळ्यांदेखत दिसले. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी चूक कबूल केली. परंतु त्यानंतर कित्येक दिवस ती मुलगी उत्तर सांगण्यापूर्वी दुसरीच्या वहीत डोकावून पाही. तेव्हापासून हा पाठ मी डबा आणि माठ या दोहोंनी घेत आलो आहे.

साहित्य : सरळ बाजूंचा एक डबा, आधी भिजवून ठेवलेला एक गोल माठ, एक लिटरचे माप व एक सरळ काठी. नेहमीच्या पट्टीला शून्यापूर्वी थोडी मोकळी जागा असते. ती पाण्यात उभी केल्यास प्रत्येक नोंद कमी येते. म्हणून काठीच्या टोकापासूनच सेंटिमीटर व मिलिमीटरच्या खुणा करून घ्याव्यात. माठात काठी मधोमध, उभी धरावी.

कोष्टक : दर लिटरनंतर एका विद्यार्थ्याने उंची वाचावी, दुसऱ्याने पडताळावी आणि तिसऱ्याने फळ्यावर लिहावी. नमुन्यादाखल आकडे पुढे दिले आहेत. आपल्या भांड्यांचे आकडे निराळे येतील.

पाणी (लिटर) : ०, १, २, ३, ४, ५, ६
डब्यातील उंची (सेमी) : ०, ३, ६, ९, १२, १५, १८
माठातील उंची (सेमी) : ०, ५.६, ८.३, १०.६, १२.८, १५.१, १७.७

अक्ष व प्रमाण : आडव्या क्ष-अक्षावर पाणी आणि उभ्या य-अक्षावर उंची घ्यावी. क्ष-अक्षावर २ सेमी म्हणजे १ लिटर व य-अक्षावर १ सेमी म्हणजे २ सेमी उंची, असे प्रमाण धरल्यास आलेख वहीच्या पानावर सहज मावतो. आलेख-कागद नसल्यास चौकटीची वही चालेल. येथे एका चुकीकडे विशेष लक्ष द्यावे. काही विद्यार्थी कोष्टकातील ५.६, ८.३, १०.६ हे आकडेच य-अक्षावर समान अंतरांवर लिहून टाकतात. तसे केल्यास माठाचे बिंदूही सरळ रेषेत येतात, आणि आलेख खोटे बोलू लागतो! अक्षावर २, ४, ६, ८ असे समान टप्पेच लिहिले पाहिजेत. कोष्टकातील संख्येने त्यांच्यामध्ये आपली जागा शोधावयाची असते.

बिंदू देणे : (२, ८.३) हा बिंदू द्यावयाचा असता आरंभबिंदूपासून प्रथम उजवीकडे २ लिटरपर्यंत जावे, मग वर ८.३ पर्यंत चढावे. ‘आधी आडवे, मग उभे’ हा क्रम तोंडात बसू द्यावा. क्रम उलटल्यास ८.३ लिटर पाण्याने उंची केवळ २ सेमी झाली, असा अर्थ होतो. विद्यार्थ्याने तो अर्थ मोठ्याने म्हटला की चूक त्याची त्यालाच उमगते. म्हणून प्रत्येक बिंदू दिल्यावर त्याचे वाक्य म्हणवून घ्यावे : ‘२ लिटर पाणी ओतले, तेव्हा उंची ८.३ सेमी झाली.’

रेषा जोडण्यापूर्वी : दोन बिंदूंमधील जागेला काही अर्थ आहे काय, हे विचारावे. पाणी अडीच लिटरही ओतता येते. म्हणून येथे बिंदू जोडणे योग्य आहे. जोडलेल्या रेषेवरून माठातील अडीच लिटरची उंची सुमारे ९.५ सेमी येते. ती लगेच अर्धा लिटर मोजून पडताळावी. याउलट, इयत्तावार पटसंख्येचे बिंदू जोडले, तर साडेतीनव्या इयत्तेचा पट विचारावा लागेल! तेथे स्तंभालेखच बरा.

आलेखाचे वाचन : डब्यात प्रत्येक लिटरला ३ सेमी वाढ होते; म्हणून बिंदू सरळ रेषेत येतात. माठातील वाढ मात्र ५.६, २.७, २.३, २.२, २.३, २.६ अशी आहे. बूड निमुळते असल्याने पहिल्या लिटरला पाणी पुष्कळ चढते. पोट रुंदावते तशी वाढ घटते व पुढे पुन्हा वाढू लागते. चौथ्या लिटरला वाढ सर्वांत कमी आहे, म्हणून माठाचे पोट त्याच उंचीवर सर्वांत रुंद असले पाहिजे. विद्यार्थ्यांनी हे आलेखावरून सांगावे आणि मग माठाभोवती दोरी धरून खात्री करून घ्यावी.

रेषेबाहेर पडलेला बिंदू दिसला, तर शिक्षकाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : बिंदू कोष्टकाप्रमाणे दिला आहे काय? नोंद पुन्हा मोजली काय? दोन्ही बरोबर असतील, तर भांड्यातच काही निराळे आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांत चूक सापडली तरच खोडरबर हाती द्यावे.

स्वाध्याय : प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एखादे भांडे घेऊन, गडव्यासारख्या लहान मापाने पाणी ओतून, असेच कोष्टक व आलेख तयार करावा. दुसऱ्या दिवशी भांड्याचे नाव झाकून आलेख एकमेकांस द्यावेत आणि भांड्याचा आकार ओळखावयास सांगावे.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना शिक्षक बंधुभगिनींनी आपापल्या वर्गातील काही आलेख बरोबर आणावेत. ज्यांतील बिंदू रेषेत बसले नाहीत, तेही अवश्य आणावेत.