किट्टय्याची अक्षरे

येलहंक्याजवळ हेब्बाळला 2018 मध्ये किट्टय्याचा वीरगळ सापडला. लढाईत पडलेल्या या वीराचे नाव इ. स. 750 च्या सुमारास कोरलेले. "सर, दगडसुद्धा झिजतो?" वर्गात प्रश्न आला.

मी संगमरवराची आणि इथल्या ग्रॅनाइटची कपची लिंबाच्या रसात टाकली. संगमरवर फसफसला, ग्रॅनाइट ढिम्म! छात्र खूश. पण ग्रॅनाइटही सुटत नाही. मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याने त्यातल्या फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते, मग गारगोटीचे कण मोकळे होऊन गळतात. कोरीव अक्षरे तर पृष्ठभागावरच असतात. आधी तीच जातात.

"तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करू?" बूट-पॉलिशची सवय, दुसरे काय!

म्हटले, "साडेबाराशे वर्षांत जे झाले नाही, ते तू एका रविवारी करशील."