सिंहगडाचा सराव आणि नामचेचा मुक्काम

प्रश्न : मी दर रविवारी सिंहगड चढतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारचा जादा मुक्काम वगळला तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपला सराव स्तुत्य खरा, परंतु ३४४० मीटरांवरील नामचे येथे कसोटी पायांची नसून विरळ हवेशी शरीराने सावकाश जुळवून घेण्याची असते, आणि तीत तालमीतला गडीही डोके धरून बसतो. तो मुक्काम वगळू नये; दिवसा थोडे वर चढून रात्री नामचेलाच झोपावे. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नये. डोकेदुखी, मळमळ संकोचापोटी वाटाड्यापासून लपवू नका (मराठी माणूस हमखास लपवतो!), लक्षणे वाढल्यास बिलाशक खाली उतरा.