चूल, बंब आणि शेगडी : लाकूड व गॅस यांचा योग्य उपयोग

इंदापूर व बारामती तालुक्यांत शेतीची दोन रूपे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली उसाचे मळे आहेत, तर कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही तेथे माळरान, कुसळी गवत व वेडी बाभूळ आहे. ह्या दोहोंच्या मध्ये वसलेले वालचंदनगर हे साखर कारखान्यांची यंत्रे व बॉयलर तयार करणारे गाव म्हणून सर्वत्र परिचित आहे. बॉयलरमध्ये जळण कसे जाळावे याचे शास्त्र ह्या भागाला नवीन नाही. परंतु तेच शास्त्र घरातील चुलीपर्यंत अद्याप पुरेसे पोहोचलेले नाही.

ह्या भागात थंडीपासून संरक्षणासाठी घर तापविण्याची वेगळी व्यवस्था नसते. तथापि कार्तिक ते माघ या काळात स्वयंपाकाच्या जोडीला अंघोळीचे पाणी, अंगणातील शेकोटी व बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी यांसाठी बरेच जळण लागते. यांपैकी कोणत्या कामास लाकूड योग्य, कोणत्या कामास गॅस योग्य व कोठे जिवास धोका आहे, हे शेतकरी कुटुंबास समजावून देणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम होय.

१. उष्णतेचे माप

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. हे एक माप ध्यानात ठेवले म्हणजे सर्व जळणांची तुलना करता येते. पूर्ण सुकलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी, एक किलो गोवरीपासून सुमारे २,१००, एक घनमीटर गोबर गॅसपासून सुमारे ४,७०० व एक किलो सिलिंडरच्या गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते.

परंतु जळणात असलेली सर्व उष्णता भांड्याला लागत नाही. साध्या तीन दगडांच्या चुलीत शंभरापैकी दहा ते पंधरा भागच कामी येतात. बाकीची उष्णता वारा, धूर व चुलीच्या भिंती यांत जाते. चांगल्या गॅस शेगडीत मात्र शंभरापैकी ५५ ते ६० भाग उष्णता भांड्याला मिळते. म्हणून केवळ जळणाच्या किमतीवरून किंवा वजनावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

२. लाकूड : ओले व सुके

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले तर त्यात खरे लाकूड अर्धाच किलो असते. शिवाय उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्याची वाफ करण्यात सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात. हिशेब केला असता हाती सुमारे १,९५० किलोकॅलरी उरतात. तेच लाकूड उन्हात सुकवून त्यातील ओलावा शेकडा १५ पर्यंत आणल्यास दर किलोस सुमारे ३,७०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे वजनास वजन घेतले तर सुके लाकूड ओल्याच्या जवळजवळ दुप्पट काम देते, आणि धूरही कमी करते.

यासाठी पावसाळ्याचे जळण माघ-फाल्गुनातच तोडून, मनगटाएवढे जाड तुकडे करून, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. ढिगात हवा खेळती राहील अशी मोकळी रचना करावी व मृगापूर्वी वर छप्पर घालावे.

बाभळीचे लाकूड जड असून त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. शेवरी व पांगारा यांचे लाकूड हलके असल्याने ते भरभर जळून जाते. वेडी बाभूळ जळणास उत्तम आहे. बुंधा राखून तोडल्यास ती पुन्हा फुटते. मात्र तिच्या शेंगा जनावरे खातात व शेणावाटे बी सर्वत्र पसरते, म्हणून ती मुद्दाम लावण्याची गरज नाही. आहे तीच तोडून वापरावी. सुबाभळीची लागवड पडीक जागेत, विहिरीकाठी किंवा गोठ्याजवळ केल्यास जळण व चारा ही दोन्ही मिळतात. कडबनवाडीसारख्या ठिकाणचे नैसर्गिक गवताळ माळ हे चिंकाऱ्यांचे व मेंढपाळांचे आश्रयस्थान आहे. तेथील गवत मोडून जळणाची झाडे लावणे इष्ट नव्हे.

तुराट्या व पऱ्हाट्या हे शेतातच मिळणारे चांगले जळण आहे. उसाचे पाचट मात्र चुलीस योग्य नाही. ते क्षणात भडकते व खूप धूर करते. त्याचे खरे स्थान खोडव्याच्या सरीत आच्छादन म्हणून आहे. पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची रीत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित केली, व तिला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. अशा कांड्यांचा धूर होत नाही. तथापि कोळशाविषयी पुढे दिलेली सावधगिरी त्यांनाही लागू आहे.

३. धूर का होतो ?

उसाची चिपाडे बॉयलरमध्ये जळतात तेव्हा हवेचा पुरवठा मोजून केला जातो व भट्टी पुरेशी तापलेली असते, त्यामुळे ज्वालाग्राही वायू भट्टीतच जळून जातात. चुलीत तोंड भरून सरपण कोंबले म्हणजे हवा आत शिरत नाही व न जळलेले वायू धूर होऊन घरभर पसरतात. धूर म्हणजे वाया गेलेले जळणच होय.

हा धूर डोळे चुरचुरण्यापुरता मर्यादित नाही. बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे धुरात बसणाऱ्या स्त्रियांना दमा व श्वासनलिकेचे जुने विकार जडतात, मोतीबिंदूचा संभव वाढतो, आणि लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचे प्रमाण वाढते. गर्भवती स्त्री धुरात राहिल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. म्हणून चूल पेटवायचीच असेल तर धुराडे छपरावर काढावे, ते दर महिन्यास साफ करावे, सरपण थोडे थोडे घालावे व ओले लाकूड घरात आणूच नये.

४. शेण : जाळावे की कुजवावे ?

भारतात गोबर गॅसचा इतिहास जुना आहे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस निर्माण करून दिव्यांसाठी वापरण्यात आला. शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ साली केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले व खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६०नंतरच्या दशकात त्याचा प्रसार केला. पक्क्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र १९८४ साली आले. पुणे जिल्ह्यात देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या गॅस संयंत्रांसाठी आयुष्यभर कार्य केले.

आता एका कुटुंबाचा हिशेब पाहू. पाच मोठी जनावरे गोठ्यात बांधून असल्यास रोज सुमारे ५० किलो शेण मिळते. त्याच्या गोवऱ्या थापल्यास सुकल्यावर सुमारे ११ किलो भरतात व साध्या चुलीत त्यांपासून सुमारे २,३०० किलोकॅलरी उष्णता भांड्याला लागते. तेच शेण दोन घनमीटरच्या संयंत्रात घातल्यास मिळणाऱ्या गॅसपासून सुमारे ५,१०० किलोकॅलरी कामी येतात. म्हणजे दुपटीहून अधिक उष्णता मिळते, तीही धुराशिवाय.

याहून मोठा लाभ खताचा आहे. गोवरी जळाली की तिच्यातील नत्र हवेत निघून जाते. रोजच्या ५० किलो शेणात सुमारे १५० ग्रॅम नत्र धरले, तर वर्षाकाठी सुमारे ५५ किलो नत्र चुलीत जाते. युरियाच्या रूपाने ते विकत घ्यावयाचे झाल्यास ४५ किलोच्या अडीच गोण्यांहून अधिक युरिया लागेल. संयंत्रातून बाहेर येणाऱ्या रबडीत हे नत्र बहुतांशी शिल्लक राहते. ज्याच्या घरी शेण आहे व जो गोवऱ्या जाळून खत विकत आणतो, तो शेतकरी दोन वेळा पैसे मोजत असतो.

पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकास दोन घनमीटरचे संयंत्र पुरते. शेण व पाणी समप्रमाणात कालवून, खडे व काडीकचरा काढून रोज घालावे. संयंत्र स्वयंपाकघरापासून जवळ, उन्हाच्या जागी व विहिरीपासून दूर असावे. थंडीत शेण कुजविणारे जंतू मंदावतात व गॅस कमी होतो. त्या दिवसांत उन्हात तापलेल्या पाण्याने शेण कालवावे व घुमटाभोवती पाचटाचा थर द्यावा. सिलिंडरची शेगडी गोबर गॅसवर नीट चालत नाही. त्यासाठी मोठ्या छिद्राची निराळी शेगडी घ्यावी. नळीत साचणारे पाणी वेळोवेळी काढावे. दोन जनावरांपेक्षा कमी जनावरे असलेल्या किंवा पाण्याची टंचाई असलेल्या कुटुंबास संयंत्राचा आग्रह करू नये, कारण उपाशी संयंत्र लवकरच बंद पडते व शेजाऱ्यांचाही विश्वास उडतो.

संयंत्राच्या टाकीत कोणत्याही कारणाने माणसाने उतरू नये. आतील वायूमुळे क्षणात शुद्ध हरपते, आणि त्याला काढण्यासाठी उतरणारा दुसरा माणूसही दगावतो.

५. सिलिंडरचा गॅस

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर खळग्यात किंवा तळघरात ठेवू नये. तो उभा ठेवावा व शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. त्याच खोलीत चूल पेटवू नये. गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तीव्र वासाचे द्रव्य त्यात मिसळलेले असते. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नये व १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळी पाच वर्षांनी अवश्य बदलावी.

हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना कोपीबाहेर तीन दगडांवर, बहुधा ओल्या सरपणावर स्वयंपाक करावा लागतो. त्यांना पाच किलोच्या लहान सिलिंडरची माहिती द्यावी.

६. अंघोळीचे पाणी

घरातील पाच माणसांसाठी १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास २,५०० किलोकॅलरी लागतात. साध्या चुलीवर त्यासाठी साडेपाच ते सहा किलो सुके लाकूड, गोबर गॅसवर सुमारे एक घनमीटर गॅस व सिलिंडरवर सुमारे ३८० ग्रॅम गॅस खर्च होतो. १४.२ किलोचा सिलिंडर केवळ अंघोळीच्या पाण्यावर पाच आठवड्यांत संपतो, आणि दोन घनमीटरच्या संयंत्राचा निम्मा गॅस त्यातच जातो. मग स्वयंपाकास गॅस उरत नाही, घरातील स्त्री पुन्हा धुराच्या चुलीकडे वळते व गॅस घेण्याचा हेतूच नष्ट होतो.

यावरून पुढील वाटणी हितावह दिसते. घरात, छपराखाली शिजते ते गॅसवर शिजवावे. पाणी मात्र अंगणात बंबावर तापवावे. बंबात विस्तवाच्या सभोवती पाणी असल्याने उष्णता चुलीपेक्षा कमी वाया जाते. तुराट्या, नारळाच्या करवंट्या व मक्याची दाणे काढलेली कणसे बंबाला पुरतात. ऐपत असल्यास छपरावर सौर बंब बसवावा. त्यास जळणच लागत नाही. बंब न्हाणीघराच्या आत पेटवू नये. गॅसवर चालणारा गीझरही खिडकी नसलेल्या न्हाणीघरात कधीही बसवू नये.

७. शेगडी व बंद खोली

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, दारे-खिडक्या लावून शेक देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक समजली जाते. वस्तुस्थिती उलट आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे व गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. झोपलेल्या माणसास ती कळतही नाहीत. तान्ह्या बालकास तर बोलून सांगता येत नाही.

शेक द्यावयाचाच असेल तर निखारे बाहेर तापवून, कापडात गुंडाळलेली वीट किंवा गरम पाण्याची पिशवी आत आणावी. आईला व बाळाला उबदार पांघरूण पुरेसे असते. शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत कोणीही झोपू नये. एखाद्यास लक्षणे दिसल्यास त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे व रुग्णालयात न्यावे.

८. कार्यकर्त्यांसाठी

गृहभेटीच्या वेळी पुढील क्रमाने पाहणी करावी : (१) घरात बाळंतीण किंवा तान्हे मूल असल्यास प्रथम त्या खोलीतील शेगडी, (२) स्वयंपाकघरातील धूर जाण्याचा मार्ग, (३) सिलिंडरची जागा व नळी, (४) जनावरांची संख्या, शेणाचा विनियोग व पाण्याची सोय, (५) सरपणाचा ढीग ओला आहे की सुका. गोवऱ्या जाळणाऱ्या कुटुंबापुढे वर दिलेला नत्राचा हिशेब त्यांच्याच जनावरांच्या संख्येवरून मांडावा. गॅस संयंत्राच्या साहाय्यासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे चौकशी करण्यास सांगावे. ही चर्चा केवळ कुटुंबप्रमुखाशी न करता, चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीसमक्ष व तिचे मत विचारून करावी, कारण जळणाचा खर्च सारे घर सोसत असले तरी त्याचा धूर मुख्यतः तीच सोसते.