दम्याचा झटका येण्याआधीची सेवा



पाड्यावरच्या दमेकऱ्याला मदत करायची म्हटली की आपल्या मनात आधी रुग्णवाहिका येते. रात्री धाप लागलेल्या माणसाला घाट उतरवून रुग्णालयात पोहोचवणे ही मोठी सेवा आहे. पण ती रात्र टाळता आली असती का, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

आजार समजून घेऊ

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. चुलीचा धूर, धूळ, थंडी किंवा सर्दी यांमुळे त्या आवळतात. त्यावर दोन प्रकारचे पंप मिळतात. साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत आराम देतो, पण चार-सहा तासांत त्याचा परिणाम ओसरतो आणि सूज तशीच राहते. ब्युडेसोनाइडसारखा स्टेरॉइडचा पंप नियमित घेतला तर सूज उतरते व झटके कमी होतात. म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्या माणसांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे सांगतात. "पंपाची सवय लागते" ही भीती खरी नाही.

आपल्याकडे मात्र अनेकदा रुग्ण धाप लागल्यावर येतो, वाफ व इंजेक्शन घेतो आणि दुसऱ्या पंपाविना घरी जातो. काही आठवड्यांनी तो पुन्हा खाटेवर असतो.

फिनलंडचा धडा

फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे दम्याची राष्ट्रीय मोहीम चालवली. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार यांना शिकवले. सूज उतरवणारे औषध लवकर सुरू केले. या काळात दम्याचे रुग्ण वाढले, तरी रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले. हे खाटा वाढवून नव्हे, घराजवळच्या उपचाराने घडले.

आपल्याकडे वाट कुठे तुटते?

सरकारी निकषाप्रमाणे डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. पण विखुरलेल्या पाड्यांना तेही लांब पडते. त्यासाठी दिवसाची मजुरी बुडते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा ओळखीचे केंद्र सुटते आणि औषधही.

आपण काय करू शकतो?

१. गावभेटीत विचारा: पंप कोणता आहे? किती उरला आहे? कसा ओढता, दाखवाल का?

२. स्थलांतराआधी आशाताईंच्या मदतीने रुग्णाला केंद्रात न्या. पुरेसे औषध आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यायला सांगा.

३. लहान मुलांना पंप थेट ओढता येत नाही, त्यासाठी स्पेसर लागतो. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा घरगुती स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी पडतो, असे केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसवतात आणि मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेते. तो करायला परिचारिकेकडून शिकून घ्या.

४. भगताकडे जाणाऱ्याला दोष देऊ नका. भगत पाड्यावरच भेटतो, डॉक्टर भेटत नाही.

५. धोक्याची खूण ओळखा: एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, पंपाने आराम न पडणे. अशा वेळी पंप देत राहा आणि लगेच १०८ ला फोन करा.

रुग्णवाहिकेसाठी दान मिळणे सोपे असते, कारण ती डोळ्यांना दिसते. न आलेला झटका कोणाला दिसत नाही. तरीही परिचारिकेच्या नियमित फेऱ्या आणि वेळेवर पोहोचलेला पंप यांसाठी दिलेला रुपया अधिक रात्री शांत झोपेच्या करतो.

मंडळीत चर्चेसाठी

- आपल्या ओळखीच्या पाड्यावरून सर्वांत जवळचे उपकेंद्र किती तासांच्या वाटेवर आहे?
- तेथे दोन्ही पंप मिळतात का? हे कोण विचारून येईल?
- या दिवाळीआधी आपण कोणत्या कुटुंबांना भेटणार आहोत?