दुकानातल्या पीसीला वाय-फाय कार्ड: ड्रायव्हर आधी, स्क्रू नंतर

व्हिडिओत घाईत राहून गेलेली गोष्ट आधी सांगतो. कार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात; गाडी अडते ती ड्रायव्हरवर. त्यापायी माझं स्वतःचं बिलिंग अर्धा दिवस बंद होतं, गिऱ्हाईक समोर उभं! ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि ड्रायव्हरशिवाय इंटरनेट नाही. म्हणून तो आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. राहिलाच, तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा काम भागतं.

आता कार्ड. पीसी बंद करून पॉवर केबल काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. छोट्या पीसीआय-ई स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबून बसवा, स्क्रू आवळा, मागे अँटेना लावा. कार्डात ब्लूटूथही असेल तर सोबतची बारीक केबल मदरबोर्डवरच्या यूएसबी पिनांना जोडावी लागते. ती राहिली की वाय-फाय चालतं, ब्लूटूथ दिसतच नाही, आणि लोक चांगलं कार्ड परत करतात.

राउटर भिंतीपलीकडे असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झ निवडा, त्याच खोलीत असेल तर ५. गिऱ्हाइकांना पासवर्ड द्यायचाच असेल तर गेस्ट नेटवर्कचा द्या, बिलिंगच्या पीसीवाल्या नेटवर्कचा नाही.