घरी बांधलेल्या विमानात बसावं का?

प्रश्न : अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं. अशी विमानं आणि कंपनीची विमानं यांत नेमका फरक काय? त्यांत बसणं धोक्याचं असतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : फरक हमीचा आहे. सेस्ना १७२ घ्या. अशा विमानाचा आराखडा सरकारी यंत्रणा तपासते, चाचण्या घेते, मग प्रमाणपत्र देते. पुढे कारखान्यातून निघणारं प्रत्येक विमान त्या आराखड्याबरहुकूम असावं लागतं. मनाला आलं म्हणून कुणी एक व्हॉल्व्हही हलवू शकत नाही.

हौशी विमानाला अमेरिकेत ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून परवानगी मिळते. निम्म्याहून जास्त काम हौसेपोटी किंवा शिकण्यासाठी केलेलं असावं लागतं. आराखडा प्रमाणित नसतो, म्हणून सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ते ठरावीक क्षेत्रातच उडवायचं. भाडं घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत.

हौशी म्हणजे कच्चं, असं मात्र मुळीच नाही. १९८६मध्ये वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणारं ‘व्हॉयेजर’ याच प्रायोगिक गटातलं. त्याचा आराखडा बर्ट रुटन यांचा. त्यांच्याच ‘लाँग-ईझी’ची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. १९९७मध्ये गायक जॉन डेन्व्हर त्या जातीचं विमान उडवताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेले. इंधनाची टाकी बदलायची मूठ रुटन यांच्या आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. विमान बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथे हात पोचवायचा तर अख्खं अंग वळवावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरच्या पेडलवर दाबला जाई. त्यात इंधन कमी, मुठीवर खुणा नाहीत. डेन्व्हर यांनी ते विमान नुकतंच विकत घेतलं होतं. ज्याने बांधलं त्याला त्यातली खोच न् खोच ठाऊक असते. दुसऱ्या मालकाला नसते. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७मध्ये झाली आणि २०२०मध्ये ते धुळ्यात उडालं. एवढी वर्षं नेटाने झगडणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

अशा विमानात बसायची संधी मिळाली, तर मालकाला आधी विचारा : तुम्ही बांधलंत की विकत घेतलंत? मूळ आराखड्यात काय बदललं? आजवर किती तास उडालंय? उत्तरं पटली तर जरूर बसा.