एकोणीस इंची हौस

अगं मिनू, काल तू फोनवर हसत हसत सांगितलंस, "ताई, टायरवाला म्हणाला तुमचा साइज नाहीये आमच्याकडे," आणि माझ्या पोटात गोळा आला. ही प्रियस घे म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते ना. आमच्या दारातही तीच उभी आहे, तीच मोठी, झोकदार चाकं. दोन हिवाळे काढले त्या गाडीत, तरी तुला चाकांचं सांगायचं राहूनच गेलं. आता सांगते. चहा घेऊन बस.

आधी खाली जाऊन गाडीचं ड्रायव्हरचं दार उघड. दाराच्या खांबावर एक स्टिकर आहे, त्यावर आकडे असतील: १९५/५० आर १९. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या पन्नास टक्के आणि रिम एकोणीस इंची. चाक मोठं पण अंगानं सडपातळ, असा हा नमुना. इतकी मोठी रिम बहुतेक गाड्यांना रुंद टायरबरोबर येते, सडपातळ टायर येतात ते लहान रिमवर. तुझं दोन्हींच्या मधलंच काहीतरी. म्हणून दुकानात या आकाराचे टायर मोजके, हिवाळी तर त्याहून मोजके, आणि जे आहेत ते महाग.

शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही गं. तिथे चाकं चकचकीत दिसतात आणि आपण भुलतो. मीही भुलले.

मग आम्ही काय केलं ते ऐक, पण आईला सांगू नकोस. तुझ्या जिजूंनी जुन्या प्रियसच्या चार रिमा मिळवल्या, हिवाळी टायर चढवलेल्या, स्वस्तात. "प्रियस ती प्रियस," म्हणाले. मीही मान डोलावली. कडाक्याच्या थंडीत जॅक लावला, चाक काढलं, नवं लावायला गेलो तर भोकंच जुळेनात! जुन्या प्रियसला पाच नट शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर, २०२३ पासूनच्या नव्या पिढीला ११४.३ वर. चौदा मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसतही नाही. त्या रिमा अजून तळघरात आहेत. त्यांचा विषय आमच्याकडे निघत नाही.

तर तू एकोणीस इंचीच्या मागे लागूच नकोस. याच पिढीच्या प्रियसवर टोयोटा स्वतः सतरा इंची चाकंही बसवते, १९५/६० आर १७. म्हणजे गाडीच्या ब्रेकांवर ते चाक बसतं, हे कंपनीनंच दाखवून दिलंय. मी कागदावर हिशोब केला होता. तुझं आत्ताचं चाक टायरसकट साधारण ६७८ मिलिमीटर उंच आणि हे सतरा इंची ६६६. पावणेदोन टक्क्यांचा फरक. तीन टक्क्यांच्या आत असलं की गॅरेजवाले कुरकुरत नाहीत. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवेल, एवढंच. शिवाय रिम लहान झाली की रबराची भिंत उंच होते. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आदळलं तर मार रबर खातं, रिम वाचते. मॉन्ट्रियलचे खड्डे तू अजून मार्चमध्ये पाहिले नाहीस.

आता खरी गोम अशी की १९५/६० आर १७ सुद्धा हाताशी मिळेल असं नाही. दुकानदार म्हणेल, २१५/५५ आर १७ घ्या, तो ढिगानं आहे. उंची ६६८, म्हणजे तिथे अडचण नाही. पण तो वीस मिलिमीटरनं जास्त रुंद. आत कमानीला किंवा शॉकअॅब्सॉर्बरला घासतो का, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याच्याकडूनच बघून घे. घासत नसेल तर घ्यायला हरकत नाही, पण माझं मत विचारशील तर बारीकच बरा. अरुंद टायर ताज्या बर्फाला कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो. आणि आकाराबरोबर टायरवरचा भाराचा आकडाही बघ. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९० म्हणजे ६००. दारावरच्या स्टिकरपेक्षा तो कमी असता कामा नये. या एका बाबतीत काटकसर नको.

रिमा साध्या काळ्या स्टीलच्या घे. दिसायला पोह्याच्या कढईसारख्या, पण इथे रस्त्यावर मीठ ओततात, त्यात तुझी चांदीसारखी अलॉय कशाला नासवायची? रिम वेगळी असली की दर वर्षी टायर उतरवायचा-चढवायचा खर्चही वाचतो, नुसती चाकं बदलायची. त्यात हवेचे सेन्सर नसतील तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा हिवाळाभर लागलेला राहील. मला तो सवयीचा झालाय, तुला चिडचिड होईल. तू सेन्सर लावूनच घे. आणि हो, थंडी पाच-सहा अंशांनी वाढली की हवा साधारण एक पीएसआयने उतरते. दिवा लागला म्हणून लगेच पंक्चर झालंय असं समजून घाबरू नकोस.

एवढा आटापिटा कशासाठी, असं तुला वाटेल. मिसिसॉगात असताना मीही म्हणायचे, ऑल सीझन आहेत ना, झालं. तिथे ओंटारिओत सक्ती नाही. इथे क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लागतातच, नाहीतर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र हवं. नुसती एम आणि एस ही अक्षरं चालत नाहीत. पण दंडाचं सोड. सात अंशांच्या खाली साधं रबर तुपासारखं थिजतं, मग ते रस्ता धरत नाही. आणि तू घर घेतलंस ते कुठे, तर कोत-दे-नेजमध्ये! त्या नावाचा अर्थच बर्फाची चढण. २०१६च्या डिसेंबरात इथल्या बीव्हर हॉलच्या उतारावर बस, पोलिसांची गाडी, शेवटी बर्फ काढणारा ट्रकसुद्धा घसरत येऊन एकमेकांवर आदळले. त्याचा व्हिडिओ तुला पाठवणार होते, पण नको, रात्री झोपणार नाहीस.

पुढच्या वर्षी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालशील, त्याच दिवशी गॅरेजची वेळ घे. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की सगळं शहर त्याच रांगेत. या वर्षी उशीर झालाच आहे, तर आजच दोन-चार दुकानांना फोन लाव. फ्रेंचची धास्ती नको. टायरला ‘प्नो’ म्हणतात, प आणि न दोन्ही उच्चारायचे. मी वर्षभर नुसतं ‘नो’ म्हणत होते आणि समोरच्याला वाटायचं मला काहीच नकोय. जुने घेणार असशील तर टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे वर्ष. ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. चारही सारखेच घे, दोन नवे दोन जुने नको. चाकं लावल्यावर शंभरेक किलोमीटरनं नट पुन्हा आवळून घे. हे मात्र विसरलीस तर मी ओरडेन.

एप्रिलमध्ये उतरवलीस की प्रत्येक चाकावर पट्टी चिकटवून कुठलं कुठे होतं ते लिही. मी ‘पु.डा.’, ‘मा.उ.’ असं लिहिते. गेल्या वर्षी गॅरेजमधल्या पोरानं विचारलं, हे काय, देवाचं नाव का? तुझे जिजू गंभीरपणे हो म्हणाले. तेव्हापासून तो आमची चाकं फार जपून उचलतो.